युद्धकाळातली छापचित्रं आणि त्यांतल्या कामकरी बायका: नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

पिवळी पार्श्वभूमी, डोक्याला पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, दंड दाखवणारी बाई. हे अमेरिकन पोस्टर बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. युद्धकाळात पुरुषांची कामं करणाऱ्या बायकांची चित्रं म्हटलं की तेवढंच एक आठवतं आणि तिथेच थांबायला होतं. माझी विनंती आहे की सुरुवात त्या पोस्टरपासून करू नका. त्याच्याकडे आपण नंतर येऊ. त्याच्या पंचवीस वर्षं आधी लंडनमध्ये निघालेली सहा काळी-पांढरी छापचित्रं आहेत, तिथून सुरुवात केलीत तर बघायचं काय आणि कसं हे आपोआप कळत जातं. मी स्वतः उलट्या क्रमानं शिकले आणि त्यात बराच वेळ घालवला, म्हणून हा लेख.

सामान फार लागत नाही. एक वही, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग (घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं चालेल) आणि इंटरनेट. लंडनचं इंपीरियल वॉर म्युझियम, ब्रिटिश म्युझियम, वेल्सचं राष्ट्रीय संग्रहालय आणि अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस या सगळ्यांचे संग्रह घरबसल्या, फुकट बघता येतात.

पहिली पायरी: छाप म्हणजे काय ते हातानं समजून घ्या

या काळातली बरीचशी चित्रं लिथोग्राफ आहेत, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत शिळाछाप. हा शब्द आपल्याला परका नाही. गणपत कृष्णाजींच्या मुंबईतल्या छापखान्याची सुरुवात शिळाप्रेसवरच झाली आणि आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची रविवर्मा प्रेसची चित्रं, जी पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला छापली जात, तीही याच पद्धतीची, फक्त अनेक रंगांची.

पद्धत एका साध्या गोष्टीवर चालते: तेल आणि पाणी मिसळत नाहीत. गुळगुळीत किंवा बारीक खरखरीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. दगडावर रसायनाचा हात फिरवून तो ओला करायचा. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त खडूच्या रेघांना धरते, ओला दगड ती झिडकारतो. वर कागद ठेवून दाबलं की चित्र उमटलं. लाकडात किंवा तांब्यात कोरायला नको, त्यामुळे चित्रकाराच्या हाताचा दाब, घाई, थांबणं सगळं जसंच्या तसं कागदावर येतं. कारखान्यातलं काम रेखाटायला हे माध्यम एवढं जमलं, ते यामुळेच.

यातून एक गंमत लक्षात ठेवा. दगडावर काढलेलं चित्र कागदावर उलटं येतं, आरशातल्यासारखं. ते टाळायला अनेक चित्रकार खास कागदावर चित्र काढून ते दगडावर उतरवून घेत, मग कागदावर ते सुलटं उमटे. म्हणून एखाद्या चित्रातली बाई डाव्या हातानं हातोडा धरताना दिसली तर ती डावखुरी होती असं लगेच लिहून टाकू नका. आधी यंत्राची बाजू, कपड्यांची बटणं, कुठे अक्षरं असतील तर ती तपासा.

दुसरी पायरी: एकच मालिका धरा

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्रिटिश सरकारच्या प्रचारखात्यानं अठरा चित्रकारांकडून सहासष्ट लिथोग्राफ करून घेतले. बारा रंगीत, ध्येयांबद्दलचे: स्वातंत्र्य, न्याय, वगैरे. ते नंतर बघा, नाही बघितलेत तरी चालेल, त्यांत बहुतेक रूपकं आहेत. उरलेले चोपन्न काळे-पांढरे, देशानं केलेल्या प्रयत्नांबद्दलचे. त्यांचे नऊ भाग, प्रत्येकात सहा चित्रं. तोफा बनवणं एका भागात, जहाजं बांधणं दुसऱ्यात, विमानं तिसऱ्यात, शेती, समुद्रावरची वाहतूक, जखमींची शुश्रूषा असं करत करत एका भागाचं नाव आहे 'स्त्रियांचं काम'. तो भाग आर्चिबाल्ड स्टँडिश हार्ट्रिक या चित्रकाराचा.

इथे क्षणभर थांबा, कारण भागांच्या नावांतच बरंच काही सांगून टाकलंय. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका 'स्त्रियांचं काम' या भागात नाहीत. त्यांचा भाग वेगळा आणि तो दुसऱ्या चित्रकाराकडे. म्हणजे ज्याला तोवर बायकांचं काम म्हणत, ते या भागात आलंच नाही. 'स्त्रियांचं काम' म्हणजे इथे पुरुषांचं काम, जे युद्धापुरतं बायकांच्या हातात आलं. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

हार्ट्रिक हा माणूसही आपल्याला थोडा जवळचा. त्याचा जन्म १८६४ सालचा, बंगळूरचा, वडील लष्करात. लहानपणीच तो स्कॉटलंडला गेला. पुढे पॅरिसमध्ये शिकताना व्हॅन गॉग आणि गोगँ यांच्याशी त्याची ओळख झाली, व्हॅन गॉगचं त्यानं काढलेलं चित्र आजही जपलेलं आहे. नंतर लंडनच्या सचित्र साप्ताहिकांसाठी त्यानं वर्षानुवर्षं रेखाटनं केली. घटना घडते तिथे जाऊन झटपट, पण अचूक काढायची सवय त्याला तिथे लागली. रूपकं काढायला नव्हे, तर यंत्राशी उभी बाई काढायला असाच हात हवा होता.

तिसरी पायरी: चित्र बघण्याआधी त्याचं नाव वाचा

हार्ट्रिकची सहा चित्रं अशी: शेतात नांगरणी. रेल्वेत इंजिनं आणि डबे साफ करणाऱ्या बायका. शहरात बस कंडक्टर. आणि तीन चित्रं दारूगोळ्याच्या कारखान्यातली, ज्यांची नावं आहेत 'अवजड काम', 'कुशल काम' आणि 'धोक्याचं काम'.

नावांत बाई मागे आहे, काम पुढे. यातला 'कुशल' हा शब्द मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी इंग्लंडमध्ये या एका शब्दावरून भांडण पेटलं होतं आणि ते भांडण पैशाचं होतं. पुरुष आघाडीवर गेल्यावर कारखान्यांनी एका कसबी कामगाराचं काम तोडून त्याचे लहान लहान तुकडे केले आणि ते नवख्या बायकांना वाटून दिले. मार्च १९१५ मध्ये सरकार आणि कामगार संघटना यांच्यात तसा समझोताही झाला. संघटनांना भीती ही की बायका कमी पगारात राबतील आणि पुरुष परत आल्यावर त्यांचा दर कायमचा पडेल. म्हणून ऑक्टोबर १९१५ च्या सरकारी परिपत्रकात ठरलं की पूर्ण कसबी कामगाराचं काम करणाऱ्या बाईला कसबी कामगाराचाच दर मिळेल, पण पुरुषांच्या इतर कामांवर लावलेल्या बाईला आठवड्याला एक पौंड. आता कोणतं काम कुशल आणि कोणतं नाही, हे ठरवणार कोण? काम तोडून तुकडे केले की कुठलाच तुकडा 'पूर्ण' कसबी राहत नाही आणि मालकाला एक पौंडावर भागवता येतं. अशा दिवसांत सरकारच्याच पैशानं निघालेल्या चित्राखाली 'कुशल काम' असं छापलेलं आहे, हे डोक्यात ठेवून मग चित्र उघडा. ते वेगळं दिसायला लागतं.

दुसरा हिशोब त्याच पानावर मांडा. काळ्या-पांढऱ्या एका चित्राची विक्रीची किंमत होती दोन पौंड दोन शिलिंग. म्हणजे एक पौंडवाल्या बाईला स्वतःसारख्या बाईचं चित्र घ्यायचं असतं तर दोन आठवड्यांची सगळी मजुरी मोजून वर दोन शिलिंग लागले असते. रंगीत चित्र साडेदहा पौंडांना. ही चित्रं त्या बायकांसाठी नव्हती. जुलै १९१७ मध्ये लंडनच्या एका कलादालनात ती मांडली गेली आणि मग देशात, फ्रान्सला, अमेरिकेला फिरली. ज्यांना युद्धाबद्दल पटवून द्यायचं होतं अशा, खिशात पैसे असलेल्या लोकांसाठी ती होती.

चौथी पायरी: दहा मिनिटं, एक चित्र, आणि जे दिसत नाही ते

'धोक्याचं काम' घ्या. काम आहे टीएनटी हे स्फोटक भरण्याचं. आधी पाच मिनिटं फक्त हात बघा. हात कुठे आहेत, काय धरलंय, बोटं कशी वळली आहेत. मग डोकी बघा, टोप्या बघा. स्फोटकांच्या इमारतीत केसांच्या पिना, आगपेट्या, धातूची कुठलीही वस्तू आत नेऊ देत नसत, कारण एका ठिणगीनं सगळं संपलं असतं. तेव्हा टोपीखाली झाकलेले केस म्हणजे त्या इमारतीचा नियम आहे, नीटनेटकेपणाची हौस म्हणून त्याकडे बघू नका.

मग शेवटची पाच मिनिटं रंगाचा विचार करा. हे चित्र काळं-पांढरं आहे. टीएनटी हाताळणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडत असे, पुढचे केस तांबूस होत असत. लोक त्यांना कॅनरी म्हणत, त्या पिवळ्या पक्ष्यावरून. हा रंग आला होता विषातून. ते विष यकृतापर्यंत पोचे, कावीळ होई आणि काही बायका त्यात गेल्या. हा पिवळा रंग चित्रात कुठेच नाही, काळ्या शाईत तो येऊच शकत नाही. हे चित्र मी कित्येकदा बघितलं, तेव्हा कुठे एकदा हे ध्यानात आलं आणि त्यानंतर ते चेहरे मला पूर्वीसारखे बघता आले नाहीत.

तारखाही जुळवून बघा. ५ डिसेंबर १९१६ रोजी लीड्सजवळच्या बार्नबो इथल्या कारखान्यात स्फोट होऊन ३५ बायका मेल्या. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, बातमी दाबली गेली. १९ जानेवारी १९१७ रोजी लंडनच्या सिल्व्हरटाउनमध्ये टीएनटीच्या कारखान्याला आग लागून स्फोट झाला आणि ७३ माणसं गेली, तो आवाज मात्र सगळ्या लंडननं ऐकला. सहा महिन्यांनी त्याच शहरात 'धोक्याचं काम' भिंतीवर टांगलं गेलं.

रेल्वेचं चित्रही असंच, फक्त तिथे शोधायची गोष्ट वेगळी. इंजिन पुसणं हे घाणेरडं काम असलं तरी मुलांसाठी ती शिडीची पहिली पायरी होती. पुसणारा पुढे कोळसा टाकणारा फायरमन होई आणि फायरमनचा ड्रायव्हर. बायकांना पुसायला घेतलं, पण फायरमन म्हणून इंजिनावर चढवलं नाही. त्या पहिल्याच पायरीवर राहिल्या.

नांगरणीच्या चित्रावर फार वेळ नाही घातलात तरी चालेल. १९१७ सालीच बायकांची शेतसेना उभी राहिली, एवढी नोंद पुरे.

पाचवी पायरी: आता पोस्टरं, पण प्रश्न विचारत

पोस्टर आणि छापचित्र एकाच प्रकारच्या दगडावरून निघालेलं असू शकतं, तरी दोन्ही वेगळी. छापचित्र मोजक्या प्रतींत निघतं (या मालिकेच्या दोनशे) आणि जवळ उभं राहून बघायचं असतं. पोस्टर रस्त्यावरून जाता जाता समजलं पाहिजे. म्हणून पोस्टर समोर आलं की पहिला प्रश्न विचारायचा: हे कोणाशी बोलतंय?

सेप्टिमस स्कॉट यांचं १९१६ चं ब्रिटिश पोस्टर घ्या. पुढे कामाचा झगा अंगावर चढवणारी बाई, मागे दारात निरोपाचा हात हलवणारा सैनिक. अक्षरं सांगतात, या बायका आपला वाटा उचलताहेत, तुम्हीही दारूगोळा बनवायला शिका. हे बायकांशी बोलतं. अमेरिकेतलं अडॉल्फ ट्रायडलर यांचं १९१८ चं पोस्टर घ्या. निळ्या कामाच्या कपड्यांतली बाई, एका हातात तोफगोळा, दुसऱ्या हातात विमान, आणि ओळ अशी की प्रत्येक लढणाऱ्यामागे एक कामकरी बाई. हे मात्र बायकांशी बोलत नाही. ते पैसे देऊ शकणाऱ्यांना सांगतं की वायडब्ल्यूसीए या तरुण बायकांच्या ख्रिस्ती संस्थेला देणगी द्या, म्हणजे ती संस्था या बाईची काळजी घेईल. तीच कामकरी बाई, पण एकीकडे तिला बोलावणं आहे आणि दुसरीकडे तिच्या नावानं वर्गणी. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, फिलिप झेक यांच्या पोस्टरवरची ब्रिटिश बाई हात उंच पसरून उभी आहे आणि तिच्यामागून विमानं उडताहेत. तिच्या हातात एकही अवजार नाही. हे वहीत जरूर लिहा: अवजार आहे की नाही, आणि असलं तर ती ते वापरतेय की नुसतं मिरवतेय.

आता ते ठिपक्यांच्या रुमालाचं पोस्टर. जे. हॉवर्ड मिलर यांनी ते वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी केलं. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यांत दोन आठवडे लावलं आणि मग काढलं. ते रस्त्यावर नव्हतं, बायकांच्या भरतीसाठीही नव्हतं, आधीपासून कामावर असलेल्यांनी जोमानं काम करावं म्हणून होतं. युद्धकाळात ते फारसं कोणी पाहिलंच नाही. त्याची कीर्ती १९८० नंतरची, आणि 'रोझी' हे कारखान्यातल्या कामकरी बाईचं लोकप्रिय नावही त्याला मागाहून चिकटलं. पोस्टर चांगलंच आहे. फक्त ते १९४३ मधल्या बायकांच्या मनातलं सांगतं असं कोणी म्हणालं तर तुम्हाला आता खरं काय ते माहीत आहे.

सहावी पायरी: काढणारा हात कोणाचा?

हार्ट्रिक आणि बाकीची मालिका पुरुषांची. म्हणून त्यानंतर लगेच एथेल गॅबेन बघा. या उत्तम लिथोग्राफर. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारच्या युद्धचित्रकार समितीनं त्यांना काम दिलं आणि त्यांनी युद्धातल्या बायकांच्या कामावर लिथोग्राफची मालिका केली, त्यात सैन्यदलांबाहेरच्या बायका. वाळूची पोती भरणाऱ्या बायका आहेत, लाकडाचे ओंडके उचलून फेकणाऱ्या आहेत, आणि पायलट पॉलीन गॉवर आहेत. विमानं कारखान्यातून हवाई तळांवर नेऊन पोचवणाऱ्या दलातल्या बायकांच्या तुकडीच्या त्या प्रमुख. जानेवारी १९४० मध्ये आठ बायकांनिशी ती सुरू झाली. गॉवर यांचं नाव इथे मुद्दाम घेते, कारण १९४३ मध्ये या दलातल्या बायकांना पुरुषांइतकाच पगार मिळाला आणि तो मिळवण्यात गॉवर यांचा मोठा हात होता. १९१५ च्या एक पौंडाची नोंद ज्या पानावर आहे, तिथेच हेही लिहा.

लॉरा नाइट यांचं रूबी लॉफ्टसचं चित्र शोधताना समोर येईलच. ते मुळात तैलचित्र आहे, १९४३ चं, पण त्याची पोस्टरंही निघाली. एकवीस वर्षांची रूबी वेल्समधल्या न्यूपोर्टच्या सरकारी कारखान्यात लेथवर वाकून विमानविरोधी तोफेचा भाग बनवतेय. हे काम शिकायला आठ-नऊ वर्षं लागतात असं मानत. केस जाळीत बांधलेले, नजर कामावर. बघणाऱ्याकडे तिचं लक्षही नाही. मिलरच्या पोस्टरशेजारी हे ठेवून बघा, दोघींच्या नजरा कुठे लागल्या आहेत एवढंच.

विकत घ्यायचं असेल तर

घाई करू नका. मी एकदा जुन्या वस्तूंच्या बाजारात 'अस्सल युद्धकाळातलं' म्हणून एक पोस्टर घेतलं, चौकटीसकट, बऱ्यापैकी पैसे मोजून. घरी येऊन भिंग लावलं तर सगळीकडे रांगेत बसलेले रंगाचे बारीक ठिपके. फोटो काढून ऑफसेटवर छापलेली अलीकडची नक्कल होती. खडूनं केलेल्या लिथोग्राफला भिंगाखाली बघितलं तर वेडेवाकडे, खडबडीत कण दिसतात, ओल्या भिंतीवर कोळसा घासल्यासारखे. ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसली की समजून जा. दुकानात उभं असतानाच भिंग काढायचं, विकणाऱ्यानं तोंड वाकडं केलं तरी. कागद बघा, कडा बघा, खाली पेन्सिलनं सही आहे का बघा. चौकट उघडू देत नसतील तर घेऊ नका.

चित्र कुठे छापायचं किंवा ऑनलाइन टाकायचं असेल तर आणखी एक सोय आहे. हार्ट्रिक आणि गॅबेन दोघंही १९५० साली वारले. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, ब्रिटनमध्ये सत्तर. दोन्ही मुदती उलटल्या आहेत. तरी संग्रहालयानं काढलेल्या फोटोच्या अटी वेगळ्या असतात, त्या ज्या त्या पानावर वाचा.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक चित्राला एक पान द्या. साल, काढणारा, काढून घेणारा, कोणासाठी, अवजार कोणतं, हात काय करताहेत. आणि शेवटी एक रकाना जो चित्र स्वतः कधीच भरून देत नाही: या कामाचे तिला किती मिळत होते आणि पुढे तिचं काय झालं.

हा शेवटचा रकाना रिकामा सोडू नका, शोधा. हार्ट्रिकच्या बस कंडक्टरचं माझं पान असं आहे. चित्र १९१७. ऑगस्ट १९१८: पुरुषांना आठवड्याला पाच शिलिंगांचा युद्धभत्ता दिला, बायकांना नाही. लंडनच्या बस आणि ट्राममधल्या बायकांनी काम बंद केलं, संप इतर शहरांत पसरला, भत्ता मिळाला. १९१९: युद्धापूर्वीच्या पद्धती परत आणणारा कायदा झाला, आणि कारखान्यांतल्या जागा पुरुषांना परत गेल्या. त्या पानावर तिचं नाव लिहायला जागा ठेवली आहे. चित्राखाली ते छापलेलं नाही.